‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर येऊ नये म्हणून: किनाऱ्यावरच्या आमदाराचा प्रश्न कसा लिहावा

माझे वडील रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे. मी आधी मच्छीमार सहकारी संस्थेत हिशेब लिहायचे: डिझेलच्या पावत्या, कराच्या परताव्याचे तक्ते, बर्फाची उधारी. पुढे चौदा वर्षं आमच्या भागातल्या आमदारांची स्वीय सहायक होते. सगळा मतदारसंघ त्यांना भाई म्हणायचा, मीही तेच म्हणते. पहिल्याच आठवड्यात भाईंनी समुद्र, वीज आणि खाडीपलीकडची गावं हे तीन विषय माझ्याकडे दिले. म्हणाले, "यातलं तुला कळतं. सभागृहात काय विचारायचं ते तू सांग, मी विचारीन."

ते काम सोडून काही वर्षं झाली, तरी दर अधिवेशनाच्या आधी कुणा नव्या सहायकाचा फोन येतो. "ताई, मासेमारीवर एक प्रश्न टाकायचाय, जुना मसुदा आहे का?" जुना मसुदा मी देत नाही. एका गावचा प्रश्न दुसऱ्या गावाला चिकटवला की उत्तर लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. प्रश्न कसा उभा करायचा तेवढं सांगते. आमदारांच्या कार्यालयात नव्याने लागलेल्यांना ते उपयोगी पडेल, आणि तिथे अर्ज घेऊन येणाऱ्या गावकऱ्यांनाही.

एका शब्दाने पडलेला प्रश्न

आमच्याकडे खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात. मालवण तालुक्यात पाणखोल जुवा आहे, खोत जुवा आहे. राजापूर तालुक्यात तर जुवे नावाचं गावच आहे. अशाच एका जुव्याच्या तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीवर, मी माझा पहिला तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) लिहिला. लिहिलं होतं ते असं: "सदर बेटावरील तर गेल्या सहा महिन्यांपासून पूर्णपणे बंद असून वीजपुरवठा सतत खंडित होत आहे, धक्का कोसळला आहे, आरोग्यसेविका येत नाही व ग्रामस्थांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय?"

उत्तर छापून आलं: "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

मी ते तीनदा वाचलं. मग चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या सहा महिन्यांत जत्रेचे दोन दिवस ही तर चालली होती आणि तशी नोंद होती. म्हणजे ‘पूर्णपणे बंद’ हे शब्द चुकीचे होते, आणि एका वाक्यात पाच गोष्टी कोंबल्यामुळे एक चुकली तशी पाचही पडल्या. उत्तर देणाऱ्या कार्यालयाने खोटं लिहिलेलं नव्हतं. त्यांना सुटायला वाट मी दिली होती.

ती छापील प्रत घेऊन जुव्यावर गेले. एका काकीने विचारलं, "म्हणजे आमी खोटा बोलतंव?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे लिहिलेला प्रत्येक प्रश्न त्या काकीला वाचून दाखवता येईल का, हे मी आधी पाहिलं.

‘असल्यास’ची साखळी

विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय; (१) अमुक घडले, हे खरे आहे काय; (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; (३) असल्यास, चौकशीत काय आढळले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? हा साचा सगळ्यांना पाठ असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. दुसरा भाग पहिल्याला टांगलेला, तिसरा दुसऱ्याला. पहिल्याला ‘हे खरे नाही’ आलं की खालची सगळी माळ गळून पडते.

म्हणून पहिल्या भागात फक्त तेच लिहायचं, जे सरकारच्याच कागदावर आहे. तुमचं मत नको, गावकऱ्यांचा संताप नको, ‘अतोनात’, ‘वारंवार’, ‘पूर्णपणे’ नको. अमुक कार्यालयाने अमुक तारखेला अमुक पत्र दिलं, अमुक प्रस्ताव पाठवला, अमुक ठेका संपला. तारखेची अगदी खात्री नसेल तर ‘दिनांक अमुक रोजी वा त्या सुमारास’ असं लिहितात. हे तीन-चार शब्द शिकून ठेवा. एका दिवसाच्या फरकाने प्रश्न पडत नाही.

दुसरं, साखळी मधे तोडायची. निदान एक भाग ‘तसेच’ने सुरू करा, म्हणजे तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. पहिल्याला नकार आला तरी त्याचं उत्तर द्यावंच लागतं. आणि ‘चौकशी केली आहे काय’ विचारण्यापेक्षा संख्या, तारीख, रक्कम, पद यांपैकी काहीतरी मागा. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य कुठल्याही प्रश्नाला चालतं, पण ‘किती’ला ते लिहिता येत नाही.

कुणाच्या दारात उभं राहायचं

चुकीच्या खात्याला विचारलेला प्रश्न फिरत राहतो किंवा दाखलच होत नाही. समुद्राच्या बाबतीत तर आधी सभागृहच ठरवावं लागतं.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या हाती आहे. त्यापलीकडची केंद्राकडे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतच ही वाटणी आहे. पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायचं मोठं जाळं) किंवा एलईडीवाली बोट आतल्या पाण्यात धरली तर प्रश्न विधानसभेत. १२ मैलांबाहेर धरली तर खासदारांना पत्र लिहून लोकसभेत. केंद्राने आपल्या हद्दीत एलईडीच्या उजेडातली मासेमारी नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद केली, राज्याचे आदेश वेगळे आहेत. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, येऊन सांगतो, "पंधरा वावात होते." त्याला खोली कळते, कायद्याला अंतर लागतं. म्हणून मी तांडेलांना एकच सवय लावली: मोबाइलवर जीपीएसच्या पडद्याचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांश आणि वेळ दिसेल असा. त्या एका फोटोने सभागृह ठरतं.

जैतापूरचं उदाहरण घ्या. माडबनला प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट असा तो प्रस्ताव. अणुऊर्जा हा पूर्णपणे केंद्राचा विषय. अणुभट्टीच्या सुरक्षेवर विधानसभेत प्रश्न टाकला तर उत्तर मिळणार नाही. पण भूसंपादनाचा मोबदला, साखरी नाटे इथल्या मच्छीमारांची मासे उतरवण्याची जागा, तिथला रस्ता, तिथलं बर्फ हे सगळं राज्याचं आहे. मोठ्या विषयातला आपल्या हातात येणारा तुकडा ओळखायला शिकलं पाहिजे.

विजेचंही तसंच. बर्फ कारखान्याचा दर जास्त आहे, असं ऊर्जामंत्र्यांना विचारलंत तर ते सांगतील, दर वीज नियामक आयोग ठरवतो. खरंच आहे ते. पण २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे राज्य सरकार एखाद्या वर्गाला अनुदान देऊ शकतं, फक्त ते पैसे सरकारला आगाऊ भरावे लागतात. तेव्हा प्रश्न अनुदानाचा करा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आता विचारायचं ते हे: आपल्या तालुक्यातल्या किती बर्फ कारखान्यांच्या आणि शीतगृहांच्या बिलावर त्या निर्णयाप्रमाणे नवा दर प्रत्यक्ष लागला? संस्थेत जा, निर्णयाआधीचं एक आणि ताजं एक अशी दोन बिलं शेजारी ठेवा. उत्तर येण्याआधीच तुम्हाला ते माहीत असेल.

धक्क्याचं मात्र सगळ्यात अवघड. एकाच गावात एक धक्का सागरी मंडळाचा, दुसरा मत्स्यव्यवसाय विभागाच्या पैशातला, धूपप्रतिबंधक बंधारा पतन विभागाचा, शेतीच्या बाजूचा बांध खारभूमीचा, आणि धक्क्यापर्यंतचा रस्ता जिल्हा परिषदेचा. दगड तोच, समुद्र तोच, खाती पाच. मी जागेवर जाऊन भूमिपूजनाची पाटी शोधायचे. पाटी पडली असेल तर ग्रामपंचायतीच्या दप्तरात काम कुणी केलं त्याचं पत्र सापडतं. हे न करता लिहिलेला धक्क्याचा प्रश्न ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ असं लिहून परत येतो, आणि एक अधिवेशन वाया जातं. जुव्यावरच्या माणसासाठी एक अधिवेशन म्हणजे एक पावसाळा.

मोजल्याशिवाय लिहू नका

माझ्या मते या सगळ्या कामातला निम्म्याहून जास्त भाग इथे आहे, आणि तो मंत्रालयात होत नाही, गावात होतो.

पहिल्या प्रश्नाच्या अनुभवानंतर मी त्या जुव्यावर दोन वह्या दिल्या. तर हाकणाऱ्या दादाला एक, शाळेच्या गुरुजींना एक. दादाने रोज लिहायचं: पहिली फेरी किती वाजता, शेवटची किती वाजता, बंद असेल तर कारण, वारा, भरती-ओहोटी, इंजिन, डिझेल नाही, माणूस नाही. गुरुजींनी लिहायचं: आज खाडीपलीकडच्या हायस्कुलात किती मुलं जाऊ शकली नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोघांनी लिहिलं. सप्टेंबरअखेर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा तारखा जुळल्या. तर वाऱ्याने बंद राहिली ते दिवस थोडे होते, इंजिनाने आणि डिझेलने बंद राहिली ते जास्त. गावकऱ्यांची तक्रार समुद्राबद्दल नव्हतीच, ठेक्याबद्दल होती. वह्या नसत्या तर हे मलाही कळलं नसतं.

विजेसाठी वही गावात ठेवण्यापेक्षा महावितरणच्या उपविभागात जा. कोणत्या वाहिनीवर पुरवठा कधी गेला, कधी आला याची नोंद तिथे असते. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर १० रुपये आणि ३० दिवस लागतात. म्हणून अधिवेशनाच्या दीड महिना आधी अर्ज गेलेला हवा. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये २०२५ पर्यंत एक वाक्य होतं, ते मी टेबलावर चिकटवून ठेवलं होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. जो प्रश्न आमदार विचारू शकत होता, त्याची माहिती माझ्या काकीलाही मागता यायची.

किनाऱ्यावर वीज का जाते हे समजून घ्या, नाहीतर उपप्रश्न सुचणार नाही. खाऱ्या वाऱ्याने खांब बुडाशी गंजतात, इन्सुलेटरवर क्षार बसतो आणि पहिल्या पावसात ठिणग्या उडतात, खाडी ओलांडणाऱ्या तारेला लांब झोळ येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, मे २०२१ मध्ये तौक्ते आमच्या समुद्रातून वर गेलं. दोन्ही वेळा खांब आणि डीपी इतक्या पडल्या की काही वस्त्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. त्यानंतर मी दर उन्हाळ्यात एक साधा प्रश्न तयार ठेवायचे: १ जूनच्या आत किनारी उपविभागांच्या गोदामात किती खांब आणि किती रोहित्रं शिल्लक असतात? कागदावर रोहित्र लिहा, गावात डीपी म्हणा.

आणि ‘बेटावर वीज नेणं परवडत नाही’ असं कुणी म्हणालं तर घारापुरीचं नाव घ्या. गेटवे ऑफ इंडियासमोरच्या त्या बेटावरची लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा झाली, पण राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तीन वस्त्यांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. मुंबईचे दिवे रोज डोळ्यांसमोर असताना लोकांनी एवढी वर्षं वाट पाहिली याचं मला आजही वाईट वाटतं. पण आता तो दाखला आहे, आणि दाखला असला की ‘शक्य नाही’चं ‘खर्च किती’ होतं.

आरोग्याच्या प्रश्नात निकष आडवे येतात. डोंगरी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राला २०,००० आणि उपकेंद्राला ३,००० लोकसंख्या लागते. ज्या जुव्यावर तीस घरं आहेत, तो कुठल्याच निकषात बसत नाही. तिथे ‘आरोग्य केंद्र द्या’ लिहिलंत तर नकार ठरलेला. १०८ ची गाडी खाडीच्या अलीकडच्या काठाला येऊन थांबते, पलीकडून पेशंट काठापर्यंत कुणी आणायचा हे कुठल्याच आदेशात नाही. ते विचारा: रात्री ही जबाबदारी कुणाची, आणि त्यासाठी होडी आणि तांडेल नेमलेला आहे काय?

मासेमारीचा प्रश्न: दोन्ही बाजू आपल्याच असतात

नव्या सहायकांना सगळ्यात जास्त भीती या प्रश्नाची वाटते, आणि ती रास्त आहे. रापणकर आपला मतदार, पर्ससीनवालाही आपलाच. त्याच्या बोटीवरचे खलाशी कधी कधी रापणकराच्याच घरातले असतात. भाईंनी एक पथ्य पाळलं. प्रश्न टाकण्याआधी दोन्ही बाजूंना बोलावून मसुदा वाचून दाखवायचा. त्या बैठकांत आरडाओरडा झाला, खुर्च्या सरकल्या, पण सभागृहात प्रश्न आल्यावर ‘आमच्या पाठीमागे केलं’ असं कुणी म्हणालं नाही.

‘पर्ससीन बंद करा’ ही मागणी झाली. प्रश्न कायद्याच्या अंमलबजावणीवर उभा करा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ ठरवून दिला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरलं. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढला. एलईडीसाठी तो ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत गेला, आणि निवाड्याचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला. एवढं माहीत असलं की पाच भाग आपोआप सुचतात. गेल्या हंगामात आपल्या जिल्ह्यात किती बोटींवर कारवाई झाली, किती प्रकरणांत निवाडा झाला, किती दंड ठोठावला, त्यातला किती वसूल झाला. आणि गस्ती नौका किती रात्री प्रत्यक्ष समुद्रात गेली, तिला डिझेल किती लागलं.

शेवटचा भाग कधीही गाळू नका. ‘गस्त घालण्यात येते’ असं उत्तर कायम तयार असतं. डिझेलचा आकडा आला की किती गस्त झाली ते संस्थेतला कुठलाही तांडेल तोंडी हिशेबाने सांगतो.

डिझेल परताव्याचंही असंच. मच्छीमार पूर्ण दराने डिझेल घेतो आणि कराची रक्कम संस्थेमार्फत नंतर परत मिळते. ‘परतावा थकला आहे’ एवढं लिहू नका. संस्थेचं नाव, कोणत्या महिन्यापासूनचा, किती रुपयांचा, आणि प्रस्ताव जिल्हा कार्यालयातून कोणत्या जावक क्रमांकाने गेला, ते लिहा. मी स्वतः ते तक्ते भरले आहेत. ज्या माणसाने जावक क्रमांक टाकलेला असतो, त्याला तो प्रश्न वाचून आनंदच होतो.

हे जरा थांबून सांगते. जिल्ह्यातला अधिकारी तुमचा शत्रू नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी त्याच्याच टेबलावर तयार होतं. मंत्रालयातून फोन येतो, दुपारपर्यंत माहिती पाठवा, आणि तो जेवण सोडून लिहितो. कित्येकदा त्याचाच प्रस्ताव वर अडकलेला असतो. मी आधी जाऊन भेटायचे, चहा प्यायचे, विचारायचे, "साहेब, काय विचारलं तर तुमचं काम पुढे सरकेल?" माझे सगळ्यात चांगले तीन-चार प्रश्न असे मिळाले आहेत.

एक नमुना

त्याच जुव्यावरचा दुसरा प्रश्न, नावं काढून:

सन्माननीय बंदरे मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :—
(१) मौजे अमुक येथील तरीच्या ठेक्याची मुदत दिनांक अमुक रोजी वा त्या सुमारास संपली असून त्यानंतर नवीन ठेका देण्यात आलेला नाही, हे खरे आहे काय;
(२) तसेच, माहे जून ते सप्टेंबर या कालावधीत सदर तर इंजिन नादुरुस्ती व इंधनाअभावी किती दिवस बंद होती;
(३) तसेच, सदर होडीची शेवटची तपासणी कोणत्या दिनांकास झाली, ती किती प्रवाशांसाठी परवानाप्राप्त आहे व तीवर किती लाइफ जॅकेट उपलब्ध आहेत;
(४) नवीन ठेका व पर्यायी होडीबाबतचा प्रस्ताव कोणत्या स्तरावर आहे व त्यावर कोणत्या महिन्यापर्यंत निर्णय अपेक्षित आहे;
(५) अद्याप निर्णय झाला नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

बघा, ‘हाल’ हा शब्द कुठे नाही, पण वाचणाऱ्याला ते दिसतात. तिसरा भाग प्रत्येक तरीच्या प्रश्नात घालाच. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेवरून निघणाऱ्या बोटींत लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. गेटवेची बातमी होते. खाडीतल्या तरीवर रोज दप्तर पाठीला लावून उभ्या राहणाऱ्या मुलांची मोजदाद कुणीतरी आधी करायला हवी.

सभागृहात

प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. आपला क्रमांक मागे असेल तर उत्तर नुसतं छापील मिळतं, उपप्रश्न होत नाही. म्हणून शेजारच्या मतदारसंघांतल्या, दुसऱ्या पक्षांच्यासुद्धा, किनारी आमदारांना तोच प्रश्न द्यायला सांगा. समान प्रश्न एकत्र होतात आणि उपप्रश्नाला चार जण उभे राहतात. विषय तातडीचा असेल तर नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना आहे, पण ती वर्षभराच्या रखडलेल्या कामासाठी वापरू नये. पाहणारे विचारतात, आजच काय झालं?

उपप्रश्नासाठी भाईंच्या फाइलला मी तीन चिठ्ठ्या टाचून द्यायचे. मंत्री ‘खरे आहे’ म्हणाले तर पहिली, ‘खरे नाही’ म्हणाले तर दुसरी, ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणाले तर तिसरी. प्रत्येकीवर एकच वाक्य, आणि त्या वाक्याला उत्तर म्हणून तारीखच द्यावी लागेल असं. भाई मूळचे भाषणाचे माणूस. चिठ्ठीबाहेर गेले की मंत्र्यांना श्वास घ्यायला वेळ मिळायचा. हे त्यांनाच जाणवलं आणि ते चिठ्ठीला चिकटून राहू लागले.

हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं आणि आमचा मासेमारीचा ऐन हंगाम तेव्हाच चालू असतो. तिथे समोर बसलेल्या बऱ्याच सदस्यांनी पर्ससीनचं जाळं पाहिलेलं नसतं. मी एका पानावर रापण आणि पर्ससीनचं साधं चित्र काढून त्याच्या प्रती आदल्या रात्री आमदार निवासात वाटायचे. विदर्भातल्या तलावांवर ढिवर समाजाची माणसं मासेमारी करतात, तिथल्या आमदारांना ते चित्र लगेच कळलं. त्यांच्यातले दोघे दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूने बोलले.

उत्तर आल्यानंतर

इथे बहुतेक कार्यालयं थांबतात. बातमी छापून येते, कात्रण फाइलला लागतं, पुढचा विषय.

मंत्री सभागृहात ‘करण्यात येईल’ म्हणाले असतील तर ते आश्वासन होतं, आणि आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. ‘तपासून पाहू’ आणि ‘करण्यात येईल’ यांत फरक आहे, म्हणून कार्यवाहीचा उतारा मिळवा आणि नेमके शब्द खूण करून ठेवा. दुसरी गोष्ट, प्रश्नाने पैसा येत नाही. प्रस्ताव मान्य आहे असं उत्तर मिळालं की लगेच कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या सदरातून, ते विचारा, आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत किंवा पुरवणी मागण्यांत ते काम बसतंय का ते पाहा. उत्तर हातात असताना हे मागणं सोपं जातं, सहा महिन्यांनी ते शिळं होतं.

आणि छापील उत्तर गावात न्या. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, तिथे जा. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन मी जुव्यावर गेले. "हे अंशतः खरे आहे," असं लिहून आलं होतं, खाली बंद दिवसांची संख्या होती आणि ती आमच्या वह्यांपेक्षा दोनच दिवसांनी कमी होती. पुढच्या पावसाळ्याआधी नवा ठेका झाला, दुसरी होडी आली.

त्याच काकी पहिल्या फेरीला होडीतून उतरल्या. मला म्हणाल्या, "तर इली गो, पण काळोखात पाय खय ठेवचो? धक्क्यार दिवो खय आसा?"

मी पिशवीतून वही काढली आणि लिहिलं: धक्क्यावरचा दिवा. ऊर्जा खातं नाही, ग्रामविकास. खांब कुणाचा आणि ग्रामपंचायतीचं पथदिव्यांचं बिल कोण भरतं, ते आधी बघायचं.